अर्धा लामाराचा, अर्धा दोदोचा

अख्ख्या तेलावी शहरात जुन्या चांदीच्या कमरपट्ट्यांतलं कळणारा माणूस एकच, जुंबेर! असं खुद्द जुंबेरच सांगायचा. घरात एकेचाळीस पट्टे. भिंतीवर, कपाटात, पलंगाखाली. बायको एतेरी पीठ काढायला डब्यात हात घालायची आणि हाताला बकल लागायचं! "नुसता पट्टा दाखवा," तो छाती फुगवून म्हणायचा, "कुणाच्या आजीचं पोट केवढं होतं ते सांगतो!"

सोमवारी वरच्या गावातली लामारा आली. रविवारी तिच्या नातीचं लग्न. फडक्यातून तिने अर्धाच पट्टा काढला, बकलाकडचा. "चामडं कुजलंय, नवं घाल. चांदी उजळ. बाकी काही विचारू नकोस."

बुधवारी खालच्या गावातली दोदो आली. तिच्याकडेही अर्धाच पट्टा, टोकाकडचा! "उजळून दे. आणि कुठे बोलू नकोस."

जुंबेरने दोन्ही शेजारी ठेवले आणि त्याला घामच फुटला. तीच द्राक्षवेल, तीच काळी नक्षी! एक पान तर मधोमध चिरलेलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

"एतेरी, अगं हा एकच पट्टा आहे! जोडतो!"

"आधी विचार त्यांना."

"त्यात विचारायचं काय? आनंदाने रडतील बायका!"

दोन दिवस तो जेवायलाही धड उठला नाही. अखंड चामड्यावर चांदीची एकेक चकती बसवली. पान असं जुळवलं की सांधा त्याचा त्यालाच सापडेना!

शनिवारी सकाळी दोघी एकदमच दारात. एकमेकींना बघून दोघींनी कडू काकडी चावल्यासारखी तोंडं केली. जुंबेरने ऐटीत पट्टा उलगडला.

"माझ्या पट्ट्याला ही शेपूट कुणी लावली?" लामारा कडाडली.

"शेपूट?" दोदो उसळली. "बावीस वर्षांपूर्वी आईचा पट्टा विळ्याने कापलास तू, आणि माझ्या वाट्याला शेपूट म्हणतेस?"

"म्हणजे... तुम्ही बहिणी?" जुंबेरने विचारलं.

"नाही!" दोघी एका सुरात!

एकीने बकल धरलं, दुसरीने टोक. ओढाओढ सुरू! पट्टा इतका पक्का की एक टाका हलेना. मधे सापडलेला जुंबेर मात्र टेबलासकट हलला.

"कात्री आण!" लामारा ओरडली.

"आण बाबा. सवयच आहे तिला!"

लामाराने कात्री त्या पानावर टेकवली. हात तिथेच थांबला.

"तुझा अर्धा इथे कशाला आणलास गं?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्या नातीला पाठवणार होते," दोदो खाली बघत म्हणाली. "नाव न सांगता."

लामाराने कात्री बाजूला ठेवली.

"आईच्या कमरेवर असाच दिसायचा," लामारा म्हणाली. "उद्या ये. तूच बांध पोरीला."

जुंबेरने डोळे पुसले. "बघा, मी म्हणतच होतो..."

दोघी गर्रकन वळल्या. "तुला कुणी सांगितलं होतं रे जोडायला?" बावीस वर्षांचा साठलेला राग दोघींनी मिळून त्याच्यावर रिकामा केला आणि हातात हात घालून निघून गेल्या.

"जाताना लग्नाचं काही बोलल्या का गं?" त्याने चाचरत विचारलं.

"बोलावलंय ना, आग्रहाने," एतेरी म्हणाली. "मला!"