वहिनी, तांत्रिक तज्ज्ञ

बटण कारखानदार संघाच्या परदेश दौऱ्याची यादी घरी आली, तेव्हा वहिनींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. भाऊंच्या नावापुढे 'मालक' होतं, ते बरोबरच होतं. त्याखाली त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि त्यापुढे होतं 'तांत्रिक तज्ज्ञ'.

"अहो, हे काय लिहिलंय?"

"काही नाही गं. लिहायचं म्हणून लिहिलंय," भाऊ म्हणाले. "तिकडे कोण बघतंय?"

झालं होतं असं, की बटणांची यंत्रं बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीने संघाला आठ दिवसांचं आमंत्रण धाडलं होतं. थोडे दिवस कारखाना, थोडे दिवस प्रेक्षणीय स्थळं. अट एकच होती. प्रत्येक कारखान्यातून मालकाबरोबर एक तांत्रिक तज्ज्ञ यायला हवा. सातही कारखान्यांत एकेक जाणता मिस्त्री होता, पण मिस्त्रीला विमानात बसवून बायकोला घरी ठेवायची छाती सातांपैकी एकाही मालकाची नव्हती. संघाच्या चिटणीसांची तर नव्हतीच. ही युक्ती त्यांचीच. टाइपरायटरला कार्बन पेपर लावून त्यांनी एका दमात सात प्रती काढल्या. शेवटच्या प्रतीतली अक्षरं इतकी फिकी उठली होती, की ती ज्यांच्या वाट्याला आली त्या बाईंना आपण तज्ज्ञ आहोत हे विमानातून उतरल्यावर कळलं.

भाऊंचं मात्र या दौऱ्यात खरोखरीचं काम होतं. त्यांची बटणं घेणाऱ्या शर्टवाल्याने बजावलं होतं, की पुढच्या हंगामापासून बटणं एकसारखी आली नाहीत, तर दुसरीकडून घेऊ. म्हणजे नवं यंत्र हवं. ते मिळालं नाही तर कारखान्यातल्या अठरा माणसांना काय सांगायचं, या विचाराने भाऊंचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. वहिनींना यंत्राचं काही नव्हतं. त्यांना तिथला राजवाडा बघायचा होता. तो इतका मोठा आहे म्हणे, की बघायला दोन दिवस लागतात.

पहिल्या सकाळी कारखान्याच्या दारात दुभाषी बाई हसतमुखाने उभ्या होत्या. मालकांचं काम अर्ध्या तासात आटोपलं. हस्तांदोलन, कॉफी आणि हातात राजवाड्याचं एकेक माहितीपत्रक. आता त्यांना घेऊन बस राजवाड्याकडे निघणार होती. बायका पर्स सावरून उठल्या, तेव्हा दुभाषी बाईंनी दुसरा कागद काढला. तज्ज्ञांचं प्रशिक्षण आजपासून तीन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच.

चिटणीस पुढे झाले. तज्ज्ञ मंडळी प्रवासाने दमली आहेत, वगैरे त्यांनी सुरू केलं. पण भिंतीवर सात निळे डगले इस्त्री करून टांगलेले होते आणि प्रत्येक डगल्याच्या खिशावर धाग्याने एकेकीचं नाव भरलेलं होतं. ते बघितल्यावर चिटणीसांचंही तोंड बंद झालं. इतक्या हौसेने केलेल्या तयारीपुढे खरं बोलणार कोण?

डगले पुरुषांच्या मापाचे होते. बसच्या पायरीवरून भाऊंनी मागे वळून पाहिलं, तर बाह्या चार वेळा दुमडून, डगल्याचा घोळ एका हाताने उचलून वहिनी यंत्रशाळेत शिरत होत्या. दुसऱ्या हातात पर्स होती.

प्रशिक्षण जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरं चाललं. त्यानंतर दोन तज्ज्ञ बटणांच्या कच्च्या चकत्यांच्या पोत्यांना टेकून पेंगल्या. एकीने दुभाषी बाईंना त्यांचे बूट कुठल्या दुकानातले म्हणून विचारलं आणि पत्ता लिहून घेतला. चिटणीसांच्या पत्नीने यंत्राला एकच प्रश्न विचारला, हे बंद कधी होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी सहा तज्ज्ञांची डोकी एकदम दुखायला लागली. बस राजवाड्याकडे निघाली तेव्हा डोकेदुखीही एकदमच थांबली.

डोकं वहिनींचंही दुखत होतं. पण आदल्या संध्याकाळी दुभाषी बाई एक पत्र देऊन गेल्या होत्या. ज्या कारखान्याला यंत्र हवं आहे, त्याच्या तज्ज्ञाची तिसऱ्या दिवशी परीक्षा. नापास झाल्यास यंत्र मिळणार नाही. आणि सातांमध्ये यंत्रासाठी अर्ज केलेला होता एकट्या भाऊंनी.

"मी जाऊन खरं काय ते सांगून टाकतो," भाऊ म्हणाले होते.

"सांगितल्यावर यंत्र मिळेल?"

"नाही."

"आणि न सांगता मी नापास झाले तर?"

"तरीही नाही."

"मग जेवा आता. मला सकाळी आठला कामावर जायचंय."

आणि त्या खरंच गेल्या. चकती कुठून आत जाते, चार भोकं कशी पडतात, घासून बटण बाहेर कुठे येतं, सगळं त्या वहीत लिहून घेत होत्या. भागांची परदेशी नावं लक्षात राहीनात, तेव्हा त्यांनी त्यांना घरचीच नावं दिली. सतत कुरकुरणाऱ्या भागाचं नाव होतं आत्याबाई. मधूनच बंद पडणारे ते थोरले दीर. दुभाषी बाईंनी वहीत डोकावून हे शास्त्रीय शब्द आहेत का, असं आदराने विचारलं.

संध्याकाळी गरम पाण्यात पाय बुडवून त्या बसत आणि भाऊ त्यांना राजवाडा सांगत. एकशे ऐंशी पायऱ्या, सोन्याच्या मुलाम्याचं झुंबर, राणीच्या महालातल्या चाळीस खिडक्या.

"आणि राजाची खोली?"

"पलंग साडेपाच फूट लांब."

"अगं बाई, म्हणजे बुटकाच की राजा," वहिनी म्हणत आणि डोळे मिटून घेत. नवरा एरवी इतका बारकाईने काही बघत नाही. परदेशाची हवा मानवली, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा झाली. पांढऱ्या कोटातले मुख्य इंजिनियर आणि आणखी तिघे समोर ओळीने बसले. वहिनींनी यंत्र सुरू केलं. आत्याबाई कुरकुरल्या, त्यांना तेल दिलं. थोरले दीर अडले, त्यांना हलकेच धक्का दिला. शंभर बटणं झरझर येऊन ताटलीत पडली. इंजिनियर समाधानाने उठणार, तोच वहिनींनी आपणहून यंत्र बंद केलं आणि पर्समधून सुईदोरा काढला.

भाऊंच्या घरात चांगलं बटण असं कधी आलंच नव्हतं. गिऱ्हाईक घेणार नाही ते घरच्या शर्टांना, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. त्यामुळे बटण कशाकशाने बिघडतं ते वहिनींच्या बोटांना पाठ होतं. त्यांनी एका बटणाच्या भोकांतून दोरा ओवला आणि पाचसहा वेळा मागेपुढे ओढला. दोरा तुटला. दुसऱ्यातून ओढला, तोही तुटला. मग एकेक बटण नखाने चाचपत त्यांनी ताटलीत दोन ढीग केले. मोठा ढीग त्यांनी स्वतःकडे ओढला.

मुख्य इंजिनियर दुभाषी बाईंना काहीतरी म्हणाले. बाई म्हणाल्या, "साहेब विचारतात, मापात तर सगळी बरोबर आहेत. मग ही वेगळी का काढली?"

"भोकांची कड आतून धारदार राहिलीय. दोरा कापते," वहिनी म्हणाल्या. "ही मी यांच्या शर्टांना लावीन. गिऱ्हाईकाला देणार नाही."

हे भाषांतर व्हायला थोडा वेळ लागला. मुख्य इंजिनियरांनी भिंग लावून एक बटण पाहिलं. मग दुसरं पाहिलं. मग कोणी सांगितलं नसताना त्यांची नजर स्वतःच्या कोटाकडे गेली. तिथे तीन बटणं होती आणि चौथ्याच्या जागी टाचणी. बटणं कंपनीचीच होती.  वहिनींनी लहान ढिगातलं एक बटण उचललं, त्यांना जागीच उभं राहायला सांगितलं आणि अंगावरच्या कोटाला ते शिवून टाकलं.

निकाल तिथल्या तिथे लागला. यंत्र मिळेल, पण दोन महिन्यांनी, भोकांची कड घासायची सोय करून. तोवर हंगाम सुरू होत नव्हता. खाली सही मुख्य इंजिनियरांची, आणि शेजारच्या 'तज्ज्ञ' या रकान्यात वहिनींची.

कागद घेऊन त्या बाहेर आल्या, तर भाऊ फाटकातच उभे. आज बस लवकर परतली, म्हणाले. वहिनींनी कागद पुढे केला. भाऊंनी तो वाचला, त्याची घडी घातली, पुन्हा उघडून वाचला आणि चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात फाटकावरचा म्हातारा रखवालदार आपल्या खोपटातून आला, काय झालं असं त्याने भुवयांनी विचारलं आणि भाऊंनी मान डोलावताच त्यांच्या पाठीवर थाप मारून आपल्या डब्यातला अर्धा पाव त्यांच्या हातावर ठेवला. इथली माणसं किती पटकन जीव लावतात, असं वहिनींना वाटलं.

दुसऱ्या दिवशीपासून संघाचा मुक्काम दुसऱ्या गावी होता. पहाटेच निघाल्यामुळे बसमध्ये सगळे पेंगत होते. वहिनी तेवढ्या खिडकीशी बसून टक्क जाग्या होत्या. झाडांची रांग संपली आणि बाहेर एक लांबच लांब पांढरी इमारत सुरू झाली. ती संपेचना.

"अहो, ही कसली इमारत?"

भाऊंनी वाकून पाहिलं. "पोस्ट ऑफिस असेल."

पुढच्या बाकावरून चिटणीसांनी मान वळवली. "काय भाऊ, पोस्ट ऑफिस? राजवाडा आहे तो. आमच्या पायांचे दोन दिवस तुकडे पडले तिथे. तुम्ही आला असतात तर कळलं असतं. काल तळ्यावर तरी यायचं होतंत."

चिटणीस पुन्हा पेंगायला लागले. वहिनी नवऱ्याकडे वळल्या. भाऊ आपल्या शर्टाच्या बटणाशी चाळा करत होते.

"तीन दिवस कुठे होतात?"

"फाटकापाशी बाक आहे एक. रखवालदार चांगला माणूस आहे," भाऊ हळूच म्हणाले. "तू आत एकटी... मला कुठे राजवाडा सुचणार?"

"आणि त्या पायऱ्या? झुंबर? राजाचा पलंग?"

"माहितीपत्रकात आहे सगळं. बाहेरचा फोटो तेवढा दिलेला नाही त्यांनी."

इमारत अजून संपली नव्हती. वहिनींनी खिडकीचा पडदा पूर्ण सारला आणि भाऊंना दिसावं म्हणून जरा मागे सरकून बसल्या.

"खिडक्या मोजा," त्या म्हणाल्या. "चाळीस भरतात का बघू."