दलालीसकट

जनूकाका म्हात्रे यांना कोणत्याही गोष्टीची किंमत सांगणे धोक्याचे असते. ते ती ऐकून घेतात, क्षणभर छताकडे पाहतात आणि विचारतात, "ते झालं. पण पडलं कितीला?"

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. पेढा हातात धरूनच त्यांनी पदवी पडली कितीला, असे विचारले. मी फी सांगितली. "वसतिगृह? येण्याजाण्याचं भाडं? आणि चष्मा लागला तो कुणाच्या खात्यात?" चष्म्यासह बेरीज पुरी झाल्यावरच पेढा तोंडात गेला. रोह्याच्या एका लग्नात वरपित्याने मोठ्या अभिमानाने ताटाचा दर सांगितला, तर काका शांतपणे म्हणाले, "सकाळचं मानपानाचं भांडण धरून सांगा." वरपिता दुसऱ्या पंगतीकडे निघून गेला. आमच्या शेजारी एक गृहस्थ दीर्घ आजाराने गेले. समाचाराला जमलेली मंडळी दवाखान्याच्या बिलाची चर्चा करत होती. काका म्हणाले, "त्यात वहिनींची झोप धरली नाय कुणी."

ही खोड त्यांच्या व्यवसायातून आलेली आहे. काका एका शेअर दलालाचे पेणमधील प्रतिनिधी. आमच्या पापडांच्या दुकानावरच्या अंधाऱ्या खोलीत त्यांचे कार्यालय आहे. गिऱ्हाइकाने भाव विचारला की ते बाजारातला भाव सांगत नसत. त्यात स्वतःची दलाली आणि सरकारचे कर मिळवून एकच आकडा सांगत. बाजारात शेअर दोनशेला असला, तर काकांकडे घेणाऱ्याला दोनशे दोन आणि विकणाऱ्याला एकशे अठ्ठ्याण्णव. मधले दोन-दोन कुठे गेले, हे कोणी विचारत नसे.

"हे पारदर्शक नाही," मी एकदा म्हणाले.

"मावरंवाली मासळी देताना तुला तिचा नफा येगळा काढून दाखवते का गो? दोन आकडे सांगितले की माणूस दुसऱ्या आकड्याशी भांडत बसतो."

पुढे संगणकाची प्रणाली बदलली आणि पावतीवर भाव, दलाली, कर असे सगळे सुटे सुटे छापून येऊ लागले. काका ते पेन्सिलीने पुन्हा एकत्र करून गिऱ्हाइकाला देत. दरम्यान लोकांच्या मोबाइलमध्ये बिनदलालीची ॲप आली आणि जिना चढणारे एकेक करून कमी झाले. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर हायवेची धूळ बसू लागली. काकांनी लग्न केलेले नाही. सकाळी दार उघडायचे, पडद्यावरचे आकडे हलताना पाहायचे आणि संध्याकाळी दार लावायचे, एवढाच त्यांचा दिवस उरला.

त्यात उरल्या होत्या हिराबाई. वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात त्या राहतात. नवरा आधी मिठागरात होता, नंतर कंपनीत लागला. तो गेल्यावर त्याचे थोडे शेअर त्यांच्या नावावर झाले. दर आठवडी बाजाराच्या दिवशी त्या पिशवी घेऊन वर येत, खुर्ची पदराने पुसून बसत आणि तोच प्रश्न विचारत, "माझं कागद काय म्हणतान?" मग पाऊस, सून, गुडघे असे विषय होत. दोनतीन महिन्यांतून एखादा शेअर घेत. त्यांच्या दलालीपेक्षा त्यांना पाजलेल्या चहाचा खर्च जास्त होता. मी ते गणित करून दाखवले. काकांनी आयुष्यात प्रथमच बेरीज तपासायला नकार दिला. "तू नको ते मोजतेस," एवढेच म्हणाले.

गेल्या महिन्यात हिराबाईंचा मुलगा नीलेश आला. तो रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. "काका, राग मानू नका. आईचं खातं ॲपवर नेतो. तिथं दलाली शून्य हाय. उगाच कशाला भरायची?" त्याचे म्हणणे गणिताने निर्विवाद होते, आणि अर्ज मीच भरून दिला. काका वाद घालतील म्हणून मी उत्तरे तयार ठेवली होती. त्यांनी शिक्का मारला, त्याची शाई सुकेपर्यंत कागद हातात धरला आणि म्हणाले, "बरोबर हाय त्याचं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी काकांचा संगणक दुरुस्त करत बसले होते. जिन्यावर पावले वाजली. हिराबाई दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. काकांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा की."

"नको. उभीच बरी हाय."

"गुडघं दुखतान ना? बसा. चहा सांगतो."

"आता माझ्यात तुमाला काय मिलतं, काका? फुकाट येऊन बसायचं बरं नाय दिसत." त्यांनी चौकटीला हात टेकला. "पैलं माझं काय तरी तुमच्याकडं जात व्हतं. म्हनून बसायची."

काका म्हणाले, "भाव बघायचा का?"

"पोरानं दावला मोबाइलवर." त्यांनी पिशवी सावरली. मग आल्या पावली खाली उतरल्या. गुडघ्यांमुळे तो जिना बराच वेळ वाजत राहिला.

काका पडद्याकडे पाहत होते. शेअर बाजार बंद झाला होता आणि एकही आकडा हलत नव्हता.

"गो," ते म्हणाले, "त्या ॲपमधी थोडी दलाली टाकता येते का, बघ ना. मला नको ती. ॲपवाल्यांनाच ठेवू दे. फक्त हिराबाईंना वाटलं पायजे, की आपुन काय तरी देतो."

मी ॲप उघडले. दलालीच्या रकान्यात शून्य होते. तो रकाना बदलण्याची सोय कोणासाठीच ठेवलेली नव्हती.

"बघते," मी म्हणाले.