सासूबाईंच्या रिकाम्या वाटीचं प्रकरण

"माझ्यासारखा मेंदू शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो. आणि आला की लोक त्याला बसवतात कुठे? तर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर!"

आरशापुढे भांग पाडताना तो हे रोज म्हणायचा. बसडेपोतल्या त्या खिडकीवर बसून, विसरलेल्या छत्र्या परत करता करता आपण गुप्तहेर झालो, अशी त्याची ठाम समजूत होती. नुसती छत्री बघून तो मालकाचा स्वभाव सांगायचा. स्वभाव बरोबर निघायचा, छत्री तेवढी भलत्याच माणसाकडे जायची.

बायकोला त्याने न विचारताच सहायक नेमलं होतं. पगार नाही, रजा नाही. संसारातही हे दोन्ही नव्हतंच, त्यामुळे तिला फारसा फरक जाणवला नाही. एरवी ती गालातल्या गालात हसून सोडून द्यायची, पण त्या दिवशी तिला हसू येईना.

सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अडली होती. अंगात रक्त कमी. "पुढच्या तपासणीत वाढलेलं दिसलं नाही, तर यंदा जमणार नाही," डॉक्टर म्हणाले होते आणि मग तिच्याकडे बघून, "घरी जेवण नीट करताय ना?"

तो प्रश्न तिच्या मनाला फार लागला. घरासाठी ती रोज मसूर, पालक, बीट आणि गाजर घालून दाट रस्सा शिजवत होती. तेल कमी, वर लिंबू. सासूबाई "छान झालंय गं" म्हणायच्या आणि वाटी लख्ख रिकामी करायच्या. तरी रक्त तिथंच. बाई आपल्याच पायांनी जिना उतरायची आस धरून बसल्या होत्या, आणि आपल्या हातच्या अन्नात काही जीवच नाही, असं तिला वाटू लागलं होतं.

"अन्न आत जातं, रक्त बाहेर येत नाही," तो डोळे बारीक करून म्हणाला. "म्हणजे मधे कुणीतरी आहे! काल संध्याकाळी तू कुठं होतीस?"

"चुलीपाशी."

"साक्षीदार?"

"तुम्हीच की. 'अजून किती वेळ' म्हणून तीनदा डोकावलात."

साक्षीदार भरवशाचा आहे, हे त्याला मान्य करावं लागलं.

पहिला संशय भाजीवाल्यावर गेला. गुप्तहेर भर बाजारात पालकाची जुडी नाचवत म्हणाला, "यात लोह आहे म्हणता? सिद्ध करा!"

भाजीवाला वजन करता करता म्हणाला, "लोहचुंबक लावून बघा की, साहेब."

त्याने खरंच लावलं. पालक हलला नाही. घरी येऊन त्याने भाजीवाल्याला दोषी ठरवलं. तिने तोच पालक धुऊन चिरायला घेतला.

मग पाळी आली शेजारणीच्या मांजरीची. तिचे ठसे उमटावेत म्हणून त्याने जेवणाच्या टेबलाखाली पीठ पसरलं. ठसे उमटलेही. मोठे, चपलांचे आणि थेट बिस्किटांच्या डब्यापर्यंत गेलेले.

"मांजर माझ्या चपला घालते," तो हळूच म्हणाला.

"घालत असेल हो," म्हणत तिने केरसुणी उचलली.

शेवटी खिडकीतली कुंडी. आईच्या खुर्चीशेजारचं रोप फारच तरतरीत दिसतंय, आई रस्सा त्यातच ओतते, असा त्याचा निष्कर्ष! त्याने चमच्याने कुंडी उकरली. मातीत मातीच होती. रोप मात्र मान टाकून बसलं.

"माझी कुंडी का रे छळतोस?" सासूबाई कळवळल्या.

"आई, सत्यासाठी थोडं सोसावं लागतं."

"मग तू सोस की!"

तपासणीला दीड-दोन महिने उरले असताना त्याची बहीण माहेरी आली. तिला हे प्रकरण कुणी सांगितलंही नव्हतं. सगळे जेवून उठले, आणि ती पाणी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली.

"आई! हे काय करतेस?"

दोघं धावत गेली. सासूबाई भरलेली वाटी पातेल्यात ओतत उभ्या होत्या. पकडल्या गेलेल्या चोराचा चेहरा शोधायला गुप्तहेराला प्रथमच श्रम पडले नाहीत.

"ओरडू नका गं," त्या म्हणाल्या. "ही पोर सगळ्यांच्या मागून जेवते. बघावं तर पातेलं खरवडलेलं. तिला काय उरतं? मला बसून बसून भूक तरी कुठं लागते? दोन घास घेते आणि उरलेलं तिच्यासाठी परत ओतते."

"अहो आई!" ती पाटावर मटकन बसली. "मी माझं आधीच काढून ठेवते. त्यात मिरी जास्त घालते ना, म्हणून वेगळं. ते बघा, चुलीमागं झाकलेलं!"

"मग माझं रोज जातं कुठं?"

"मला वाटायचं, उरलंय. वाया नको म्हणून सकाळी…" बोलता बोलता ती थांबली.

"सकाळी काय, वहिनी?"

"ह्यांच्या डब्यात भरते."

तिघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे गाल गुलाबी होते. सदऱ्याची दोन बटणं मोठ्या कष्टाने आपलं काम करत होती.

"दादा, तुझं रक्त तपासलंस का रे?" बहिणीने विचारलं. "भरपूर निघेल!"

"गुन्हेगार अखेर माझ्या नजरेच्या…" त्याने सुरुवात केली.

"नजरेच्या खाली," सासूबाई म्हणाल्या. "बराच खाली. पोटात."

त्या हसल्या, पण सुनेला हसता हसता रडू फुटलं. सासूबाईंनी तिला ओढून आपल्या शेजारी बसवलं. "आता माझ्याबरोबर जेवायचं. तू घास घेतल्याशिवाय मी घेणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून पातेलं टेबलावर आलं आणि सगळे एकदम बसू लागले. सासूबाईंनी सुनेच्या वाटीतला मिरीचा रस्सा चाखला, भुवया उंचावल्या आणि वाट्यांची अदलाबदल करून टाकली. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून मागितलं. "छान झालंय" म्हणायला मात्र विसरल्या.

तपासणीचा कागद बघून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. "एवढा फरक? काय केलंत तरी काय?"

सासूबाईंनी मुलाला कोपराने ढोसलं. "सांग त्यांना. तपास तुझा होता ना?"

त्याने घसा साफ केला, सदरा खाली ओढला.

"विशेष काही नाही," तो म्हणाला. "मी हल्ली डब्यात काकडी नेतो."