निऑनचा आठवा मणी

सिंक तुंबलं, आणि तेही नेमकं मेहुणा जेवायला येणार त्या दिवशी. मेहुणा प्लंबर होता. दहावीत दोनदा आपटलेल्या त्या माणसापुढे हात पसरायचे, या कल्पनेनेच रसायनशास्त्राच्या मास्तरांच्या अंगाची लाही झाली. तो एक वाजता यायच्या आत सिंक मोकळं व्हायलाच हवं होतं.

"अहो, तो येतोच आहे. त्यालाच दाखवू ना," बायको म्हणाली.

"त्याला पाइप पिळण्यापलीकडे काय येतं? इथे डोकं लागतं!"

ते डोकं सकाळपासून तापलेलंच होतं. उद्याच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी मास्तरांनी निऑनच्या अणूची तारेची प्रतिकृती सिंकमध्ये धुऊन चकचकीत केली होती आणि बाहेरच्या कवचातल्या आठ काचमण्यांपैकी एक गायब झाला होता. खापर अर्थातच बायकोच्या झाडूवर फुटलं. "आठ इलेक्ट्रॉन असले की निऑन कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुझ्यामुळे सात उरले!"

कॉस्टिक सोड्याच्या पाकिटावर 'दोन चमचे, थंड पाणी' असं छापलं होतं. ते अडाण्यांसाठी, असं ठरवून मास्तरांनी अख्खं पाकीट ओतलं आणि वर उकळतं पाणी.

"प्रत्येक अभिक्रियेला आधी एक टेकडी चढावी लागते. आपण फक्त धक्का द्यायचा. पुढे ही तर स्वतःच उष्णता सोडते."

"आणि ती उष्णता जाते कुठे?"

"परिसरात," मास्तर तुच्छतेने म्हणाले.

परिसरात प्लास्टिकचा पाइप होता. सिंक फसफसलं, खालच्या पाइपने मान टाकली आणि वाफाळतं पाणी फरशीभर पसरलं. मास्तर टुणकन खुर्चीवर चढले. बायको दाराकडे पळाली, कारण बेल वाजली होती.

मेहुण्याने आत येताच हातमोजे चढवले. "दाजी, खाली उतरू नका, कातडी सोलेल. पाकीट वाचलं नाहीत? मला दहावी नापासालाही वाचता येतं की हो!"

त्याने फरशीवर भरपूर पाणी मारलं, वाकलेला पाइप काढला आणि बादलीत आपटला. टण्ण!

"घ्या. याने तुंबलं होतं."

तेलकट गुंत्यात निळा काचमणी होता. मेहुण्याने तो खळखळून धुऊन बहिणीच्या हातावर ठेवला. तिने तो प्रतिकृतीच्या तारेत ओवला आणि खुर्चीवर उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"झाले आठ. आता तुम्हीही तिथेच थांबा. कुणाच्या अध्यात ना मध्यात."