व्याही पहिल्याच फेरीत बाद!

मरायचं कसं नाही, हे प्रेमराजला तोंडपाठ होतं!

हे ज्ञान त्याला जपानी चित्रकथांनी दिलं होतं. माँगा म्हणतात त्यांना. त्यातही त्याला एकच प्रकार चालायचा. वीस-पंचवीस माणसं एका जागी कोंडलेली, एक मुखवटेवाला येऊन खेळाचे नियम सांगणार, हरला तो मेला, उरला तो जिंकला. प्रेमराज जळगावच्या एका कॉलेजात बोनाफाईडच्या खिडकीवर बसायचा. तिथे अकरा वर्षांत कुणी जिंकलं नव्हतं, कुणी हरलं नव्हतं, नुसतं "उद्या या" झालं होतं. आणि माँगात? दर दहा पानांना निकाल! शेवटच्या बाकावर झोपा काढणारं पोरगं तिथे शेवटपर्यंत टिकायचं. प्रेमराजला ते पोरगं फार ओळखीचं वाटायचं.

बहीण पुनम त्याच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकवायची आणि मजेची पार माती करायची.

"दादा, हा जाड्या आता मरतो बघ."

"कशावरून?"

"त्याला आई आठवली. ज्याला आई आठवते तो पुढच्या पानावर जातो! आणि नियम सांगायला चाळीस पानं? तेवढ्यात माणसं भुकेनेच जायची. बरं, हे सगळं कशासाठी चाललंय, ते लिहिणाऱ्याला तरी माहीत असतं का?"

"तुला नाही कळायचं! पाच मिनिटं खेळ लाव, कोण कसा आहे ते उघडं पडतं."

एवढं बोलून तो थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण डिसेंबरात पुनमचं लग्न जमत आलं.

मुलगा पियुष, धुळ्याचा. सहा स्थळं कुठे ना कुठे अडली होती, आणि हे सातवं पुनमला मनापासून आवडलं होतं. इतकं, की त्याचा फोन आला की ती गच्चीवर पळायची. ठरलं असं, की नशिराबादजवळच्या शेतात भरीत पार्टी करायची, दोन्ही घरची माणसं एकत्र जेवतील, आणि जेवण झालं की सुपारी फोडायची. सुपारी फुटली की लग्न पक्कं! आबांनी, म्हणजे वडिलांनी, प्रेमराजला एकच काम दिलं.

"खुर्च्या आण. आणि तोंड उघडू नको."

त्याने खुर्च्या आणल्या.

वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत होती. जेवणाला अजून तासभर होता. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसून एकमेकांच्या चपला बघत होती. पियुषचे वडील हिलालनाना म्हणाले, "बोरले पानी चांगलं शे." आबा म्हणाले, "हो, चांगलंय." थोड्या वेळाने नाना पुन्हा म्हणाले, "पानी चांगलं शे." तिसऱ्यांदा बोअर निघाली तेव्हा प्रेमराजला राहवलं नाही.

"मंडळी, एक खेळ खेळू! संगीत खुर्ची. तुम्ही एकोणीस, खुर्च्या अठरा. शेवटी उरेल त्याला भरिताचं पहिलं पान! बाद होईल त्याने बांधावरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचं, त्याला सगळ्यात शेवटी!"

आता, भरिताचं पहिलं पान व्याह्याचं असतं, हे खानदेशात पाळण्यातलं पोरही सांगेल. पण माँगात व्याही नसतात! त्या पंचवीस जणांत कुणी कुणाचा जावई नसतो, आत्या नसते, मामा नसतो. म्हणूनच तर ते इतक्या झटपट मरतात.

मुखवटा हवा म्हणून प्रेमराजने बुजगावण्याचं मडकं काढलं, पोटाला एक भोक पाडलं आणि डोक्यात घातलं. घातलं ते खटकन बसलं. कानांपाशी.

"हाऊ कोन देव शे?" नानांच्या थोरल्या बहिणीने, भिकुबाईने विचारलं. भिकुबाई पंचाहत्तरीच्या. गाणं लागलं, सगळे खुर्च्यांभोवती फिरायला लागले, पण त्यांनी काही खुर्ची सोडली नाही.

गाणं थांबलं. एकच खुर्ची उरली, आणि तिच्यापुढे उभे आबा आणि नाना!

"बसा नाना."

"नही नही, तुम्ही बसा."

"असं कसं? पाहुणे आधी!"

"तुम्ही वयमा मोठा!" म्हणत नानांनी आबांच्या खांद्याला धरलं आणि त्यांना बळेच खाली बसवलं.

भोकातून प्रेमराजला दिसला फक्त एक पांढरा पायजमा. त्याने बोट रोखलं आणि मडक्यातून आवाज घुमवला, "बाद! लिंबाखाली चला! तुम्हाला भरीत शेवटी!"

नानांनी मागे वळून बघितलं.

"कोन बाद? मी?" नाना म्हणाले. मग टोपी नीट केली आणि सरळ लिंबाखाली जाऊन मांडी घालून बसले.

आबा धावले. "नाना, पोरगं येडं आहे! या, बसा वर."

"नही. नियम म्हंजे नियम. बाद शे ना मी? मंग बादच ऱ्हासू!"

जपानात बाद झालेला माणूस निमूट मरतो. खानदेशात तो रुसून बसतो, आणि रुसलेल्या माणसासाठी एकाही माँगात नियम नाही! नाना बाद म्हटल्यावर त्यांचा भाऊ लिंबाखाली गेला. मग नानांचा जावई गेला, मग मामा. व्याही जमिनीवर असताना आपण खुर्चीवर कसं बसायचं, म्हणून आबा गेले आणि आबांच्या मागे त्यांचीही माणसं गेली. पियुष उठला, पुनमकडे बघितलं, मान खाली घातली आणि तोही गेला. पुनम शेवटी गेली, डोळे पुसत.

प्रेमराज मडकं उपसत ओरडत होता, "हा फक्त खेळ आहे!" पण मडकं निघेना. खेळ सुरू कसा करायचा ते त्याला माहीत होतं. संपवायचा कसा, ते कोणत्याच माँगात धड लिहिलेलं नव्हतं.

सतरा खुर्च्या रिकाम्या. अठराव्या खुर्चीत भिकुबाई.

"मी जिकनू का?" त्या म्हणाल्या. "मंग आना पान!"

पान आलं. हिरव्या मिरचीचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. त्या सावकाश जेवल्या. अठरा जण लिंबाखालून त्यांचे घास मोजत होते. आबांच्या हातातली सुपारी घामाने ओली झाली.

हात धुऊन भिकुबाई म्हणाल्या, "भरीत चांगलं शे. पोरगीबी चांगली शे. हिलाल, ऊठ, सुपारी फोड. पन मनी एक अट शे."

"सांगा अक्का," आबा हात जोडून म्हणाले.

"हाऊ मडकावाला लगीनमा दिसाले नको."

"पण अक्का, सख्खा भाऊ आहे तो! पुनम, तू सांग गं..."

पुनमने मडक्याकडे बघितलं. मग पियुषकडे बघितलं.

"चालेल," ती म्हणाली.

सुपारी फुटली. मग आबांनी भरीत कुटायच्या लाकडी दांड्याने मडकंही फोडलं, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात.

फेब्रुवारीत धुळ्याला लग्न लागलं. अक्षता पडत होत्या तेव्हा प्रेमराज जळगावच्या घरात नवा कुर्ता घालून एकटाच बसला होता. फोन वाजला. आबा! मांडवातून! मागे बँड ऐकू येत होता. शेवटी बोलावलंच! त्याने चपलांत पाय घालतच फोन उचलला.

"प्रेमराज," आबा म्हणाले, "आज नळाचा दिवस आहे. टाकी भरली का?"