ओटीपी संबंधिताकडे

कर्जत तालुक्यातील एका महाविद्यालयाने विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेसाठी 'ढाल' नावाचे ॲप सुरू केले, तेव्हा सर्वांत जास्त हायसे वाटले ते ललिताला. जवळच्या कोंडाणे गावाहून येणारी, दुसऱ्या वर्षाची मुलगी. वर्गातला रुद्र चार महिने एसटीच्या थांब्यापर्यंत तिच्या मागे यायचा. परवा तर भर थांब्यावर त्याने तिची ओढणी धरून ठेवली.

तिने तक्रार रीतसर भरली. शेवटी ॲपने कळवले : 'खोट्या तक्रारींना आळा घालण्यासाठी ओटीपी संबंधिताच्या मोबाइलवर पाठविण्यात आला आहे. मुदत वीस मिनिटे.'

संबंधित म्हणजे रुद्र.

ती धावत समन्वयक सोनाली मॅडमकडे गेली. "मॅडम, त्याच्याकडं ओटीपी कसा मागू?"

"नम्रपणे," मॅडम म्हणाल्या. "नाहीच दिला, तर तक्रार 'उभयपक्षी समेट' म्हणून आपोआप निकाली निघते. आतापर्यंत सव्वीस निघाल्या."

रुद्र कँटीनमध्ये मित्रांबरोबर वडापाव खात होता. "ऱ्हाऊ दे गं," मैत्रीण छाया म्हणाली. पण सहा मिनिटे उरली होती.

"रुद्र, तुला ओटीपी आलाय. तो सांग."

"कसला ओटीपी?"

"माझी ओढणी धरलीस, त्याचा."

रुद्र हसला, सोबत कुणी हसले नाही. त्याने फोन पालथा ठेवला. तेव्हा छायाच पुढे झाली. "सांग ना रं. आमी थांबतो." मग एकेक करत अकरा मुली टेबलाभोवती उभ्या राहिल्या. त्यांतल्या चौघींना त्याच्याकडून आपापले जुने ओटीपीही हवे होते. रुद्रने फोन उलटला आणि सहा आकडे वाचून दाखवले.

'ढाल'वर पहिली तक्रार यशस्वीरीत्या दाखल झाल्याबद्दल मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. कँटीनमध्ये कुणीतरी काढलेला व्हिडिओ नेरळपासून खोपोलीपर्यंत फिरला. एकोणीस हजार जणांनी त्यावर लाल बदाम टाकला.

चौकशी समितीने विचारले, "ओढणी धरताना कुणी पाहिले?"

थांब्यावर त्या संध्याकाळी चाळीसेक माणसे होती. ललिताने ओळखीच्या एकेकाला गाठले. प्रत्येकाने तिच्या धाडसाचे तोंडभरून कौतुक केले, व्हिडिओ पाहिल्याचे सांगितले, आणि त्या संध्याकाळी आपले लक्ष नेमके मोबाइलमध्ये होते, असेही सांगितले.

साक्षीदाराचा रकाना अजून रिकामा आहे. बदाम मात्र वाढताहेत. त्यांतला एक तुमचाही असेलच.