बिनतुऱ्याचा मोर

मल्लय्या मास्तर माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी त्याच्या अंगावरचं कापड उलटं करून बघायचे. "उलटी बाजू दाखवा की ओ!" म्हणत त्यांनी माझ्याच लग्नात, भर मांडवात, माझ्या सासऱ्यांचं उपरणं फिरवलं होतं. सासरे लालबुंद झाले. मास्तर शांतपणे म्हणाले, "तोंड कुणीबी धुतंय. पाठ बघावी."

सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात ते चादरीच्या कारखान्यात कार्डं पाडायचे. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग कागदावरच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडतात. भोक असेल तिथं माग धागा उचलतो, कोरं असेल तिथं सोडून देतो. कार्डं झिजली की जुन्यावरून नवी पाडायची. मास्तरांचं एक भोक कधी चुकलं नाही, असं विणकरांचा सगळा पूर्व भाग सांगायचा, आणि सगळ्यांत मोठ्यानं मास्तर स्वतः सांगायचे. तुळतुळीत टक्कल, झुबकेदार मिशी. बायको लक्षम्मा वारली होती, मूलबाळ नव्हतं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो.

एकदा तारा आणि मणी घेऊन मी डीएनएचा पीळदार जिना बांधत बसलो होतो. वर्गात पोरांना काही केल्या कळेना. मास्तर आले, त्यांनी आधी जिना उलटा करून बघितला आणि विचारलं, "हे काय हाय ओ?"

मी सांगितलं. दोन धागे, त्यांवर चारच अक्षरं. एकीकडं ए असेल तर समोर टी, जी असेल तर सी. धागे सुटले की प्रत्येकावरून समोरचा नवा बनतो, एकाचे दोन होतात.

"हात्तिच्या!" मास्तरांनी माझ्या गादीवरची चादर ओढली. "हितं लाल, तर पाठीला पांढरं. हितं पांढरं, तर पाठीला लाल. एक बाजू दाखवा, दुसरी मी डोळं मिटून सांगतो. ह्याला एवढा शोध लावायला लागला?"

"विलायतेत दोघांनी लावला. एका बाईनं काढलेल्या क्ष-किरणांच्या फोटोची फार मदत झाली त्यांना."

"बाईचं नाव झालं?"

"दोघांइतकं नाही."

"कसं होणार! वाचणारीचं नाव कुटं होतंय," ते पुटपुटले. मला तेव्हा काही कळलं नाही. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "सर, कॉपी करताना चूक झाली तर?"

"बऱ्याच चुका पेशी दुरुस्त करते. पण एखादी निसटली, तर तीही पुढं जाते. पिढ्यान् पिढ्या."

"बरं हाय," म्हणाले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी चादर घेऊनच वर्गात जाऊ लागलो. पोरांना लख्ख कळलं. श्रेय अर्थात मी घेतलं.

महिन्याभरानं कारखान्याचे धाकटे मालक माझ्याकडं आले. वडलांमागं कारभार नुकताच त्यांच्याकडं आला होता. "सर, म्हातारा तुमचं ऐकतो. मोराच्या चादरीची कार्डं झिजलीत. जुन्यात चूक आहे, काठाजवळच्या मोराला तुराच नाही. नव्यात दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणतो, दुसरा मास्तर बघा. उद्यापर्यंत ऐकलं नाही, तर खरंच बघीन."

मास्तरांची चूक! मी मोठ्या ऐटीत खाली उतरलो. "मास्तर, जुन्या कार्डांत चूक राहिलीय म्हणे."

"राहिली न्हाय. ठेवली."

हातातली कार्डं बाजूला ठेवून ते बोलू लागले. "लक्षम्मा कागद वाचायची, मी भोकं पाडायचो. भोक, भोक, कोरं, भोक. ह्या मोरापाशी आलो आणि माझ्या मिशीवर कापूस बसला. तिला हसू फुटलं ते आवरंनाच. चार कार्डांवर तुऱ्याची भोकं राहूनच गेली. मी दुरुस्त करायला निघालो, तर म्हणाली, राहू द्या, तुरा न्हाय म्हणजे हे तुमीच." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "फोटो काढला न्हाय कधी तिचा. एवढंच हाय. हे बी बुजवू व्हय?"

शिकवून शिकवून मी थकलो होतो, आणि हा माणूस मी सांगितलेलं 'चूकही पुढं जाते' हे एकच वाक्य जिवाशी धरून बसला होता.

मी तडक मालकांकडं गेलो आणि आयुष्यात बोललो नव्हतो इतक्या आत्मविश्वासानं खोटं बोललो. "साहेब, बिनतुऱ्याचा मोर ही तुमची खूण आहे. गिऱ्हाईक दुकानात तो मोर बघून चादर ओळखतं. तुरा घातलात तर बसाल बोंबलत!" मालक दचकले. मोर बिनतुऱ्याचा राहिला तो राहिलाच.

नव्या कार्डांवरची पहिली चादर मागावरून उतरली, तेव्हा मी तिथंच होतो. सगळे मास्तरांकडं बघत होते, आता उलटी करतील म्हणून. त्यांनी ती उलटी केलीच नाही. काठाजवळच्या मोराच्या डोक्यावर हलकेच बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सर, हितं हसली बघा."